हिल्डेगार्डबाईंच्या गावी चार दिवस

पहिला दिवस : चुकीचं स्टेशन

हा प्रवास सुरू झाला तो एका बिस्किटाच्या पुड्यामुळे. आई तीन महिन्यांसाठी पुण्याहून माझ्याकडे फ्रँकफुर्टला आली होती. एकदा दुकानात तिने एक पुडा उचलून नाकाशी धरला आणि म्हणाली, "जायफळ आहे गं यात." पुड्यावर डोक्यावरून ओढणी घेतलेल्या एका ननचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, नसा शांत करणारी बिस्किटं, हिल्डेगार्डच्या कृतीप्रमाणे. ही कोण, असं आईने विचारलं. मला माहीत होतं तेवढं सांगितलं : बाराव्या शतकातली मठवासी बाई, हिला दर्शनं व्हायची, पुस्तकं लिहिली, गाणी रचली.

"गायची?" आईने एवढंच पकडलं. तिचं कोथरूडचं भजनी मंडळ बावीस वर्षांचं आहे. झालं, मी चार दिवसांची रजा टाकली.

टाकली ती सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. हिल्डेगार्डची पुण्यतिथी १७ सप्टेंबरला असते आणि त्या दिवशी तिच्या अस्थींची पेटी आयबिंगेन गावातून मिरवतात, हे मला हॉटेलचे पैसे भरून झाल्यावर कळलं. "म्हणजे आषाढी उरकल्यावर पंढरपूर," आई म्हणाली. "असू दे, गर्दी नसेल."

हिल्डेगार्डच्या नावाशी जोडलेल्या ऱ्हाइनकाठच्या बिंगेन गावाला दोन स्टेशनं आहेत, हेही मला तिथे उतरल्यावर कळलं. हॉटेल गावातल्या छोट्या स्टेशनाजवळ आणि आम्ही बॅगा घेऊन मुख्य स्टेशनवर. मुख्य स्टेशन नाहे नदीच्या अलीकडे, मूळच्या बिंगरब्रुक गावात. मी फोनवर नकाशा उलटसुलट करत उभी होते, आणि त्यातच दिसलं की स्टेशनमागच्या चढाचं नाव रुपर्ट्सबेर्ग आहे. म्हणजे जिथे हिल्डेगार्डने आपला मठ उभा केला, आयुष्याची शेवटची तीसेक वर्षं काढली आणि ११७९ साली जिथे देह ठेवला, त्याच टेकाडाच्या पायथ्याशी आम्ही चुकून उतरलो होतो.

पाहायला मात्र तिथे फारसं काही नाही. तीस वर्षांच्या युद्धात, १६३२ मध्ये, स्वीडिश सैन्याने मठ जाळला. उरलेसुरले अवशेष एकोणिसाव्या शतकात रेल्वेसाठी खडक फोडताना गेले. मठाच्या चर्चच्या काही कमानी एका इमारतीच्या पोटात अजून उभ्या आहेत. त्या पाहायच्या तर आधी ठरवून जावं लागतं आणि आम्ही काहीच ठरवलेलं नव्हतं. रस्ता, घरं, गाड्यांची ये-जा. आई बॅगेवर बसली. "इथेच का आली ती? आधी कुठे होती?"

आधी होती डिझिबोडेनबेर्गला, तिथे आम्ही उद्या जाणार होतो. तो पुरुषांचा मठ आणि त्याला चिकटून बायकांची कोठडी. हिल्डेगार्डचं नाव होऊ लागलं तशा तिच्याकडे मुली येऊ लागल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या माहेरचं इनामही. ११४८ च्या आसपास तिने जाहीर केलं की देवाने मला रुपर्ट्सबेर्गला जायला सांगितलं आहे. मठाधिपती कूनो कशाला सोडतो? नाव जाणार आणि जमिनीही जाणार. त्याने नकार दिला, तशी हिल्डेगार्ड अंथरुणाला खिळली. हलेना, उठेना. तिच्या चरित्रात आहे की कूनो स्वतः येऊन तिला उचलायला गेला तर ती दगडासारखी जड. शेवटी त्याने परवानगी दिली आणि बाई उठल्या.

"कैकेयी," आई म्हणाली.

"पण हिला राज्य नको होतं."

"कसं नको? स्वतःचं घर म्हणजे राज्यच की गं."

११५० च्या सुमारास ती अठरा-वीस जणींना घेऊन इथे आली. मग आम्ही टॅक्सी करून योग्य स्टेशनाजवळच्या हॉटेलात गेलो.

संध्याकाळी ऱ्हाइनकाठचं संग्रहालय पाहिलं. जुन्या वीजकेंद्राच्या इमारतीत आहे. रोमन काळातल्या एका शल्यवैद्याची हत्यारं इथे आहेत. त्या चिमट्यांपुढे आई माझ्या अंदाजापेक्षा जास्त वेळ रमली. हिल्डेगार्डच्या दालनात मी मात्र एका चित्रापाशी अडकले. तिच्या पहिल्या ग्रंथातलं, 'स्किविआस'मधलं पहिलंच चित्र. ती बसलेली आहे, मांडीवर मेणाची पाटी, हातात टोकदार लेखणी. वरून आगीच्या पाच जिभा उतरून तिच्या डोक्याला वेढताहेत. शेजारच्या खोलीतून एक भिक्षू खिडकीत मान घालून आत डोकावतोय. हा फोल्मार, तिचा लेखनिक. एकीकडे डोक्याला आग लागलेली आणि दुसरीकडे एक जण टिपून घ्यायला मान वाकडी करून तयार, हे त्या चित्रकाराने गंमत म्हणून काढलेलं नाही, पण मला हसू आलं.

११४१ साली, वयाच्या बेचाळीस वर्षं सात महिन्यांवर, असं ती स्वतः लिहिते. उघड्या आकाशातून झगझगीत प्रकाश आला, डोक्यात शिरला, छातीत पसरला. तो जाळत नव्हता, ऊन पडलेल्या वस्तूसारखी ऊब देत होता. आणि एकदम स्तोत्रांचा अर्थ कळला. दर्शनं लहानपणापासून होती. लिहायची आज्ञा आता झाली. तिने टाळाटाळ केली, आजारी पडली, मग लिहायला बसली ती दहा वर्षं. ही दर्शनं झोपेत किंवा बेशुद्धीत होत नाहीत, मी जागी असते, बाहेरचे डोळे उघडे असतात, हे तिने पुढे पुन्हा पुन्हा बजावलं आहे. विसाव्या शतकात काहींनी चित्रांतले ठिणग्यांचे आणि तटबंदीसारख्या रेघांचे आकार पाहून ही अर्धशिशी असावी असं म्हटलं. असेलही. मलाही अर्धशिशी आहे. मला रेघा दिसतात, मग उलटी होते आणि मी झोपते. ग्रंथ होत नाही.

दुसरा दिवस : डिझिबोडेनबेर्ग

सकाळची गाडी नाहे नदीच्या काठाकाठाने जाते. श्टाउडर्नहाइमला उतरून गावातून चालत निघालो. आईचे गुडघे लक्षात घेता मी रिक्षासदृश काही मिळतं का पाहत होते. खेड्यात काही नव्हतं. नाहे आणि ग्लान या दोन नद्यांच्या संगमावर टेकडी आहे, उतारावर द्राक्षमळे, माथ्यावर झाडी. आई दर वळणावर थांबून मळे बघायची आणि मी दम लागला असं न म्हणता तिच्याबरोबर थांबायचे. वर जायला आम्हाला तासभर लागला.

माथ्यावर मठ नाही. त्याचा आराखडा आहे. गुडघाभर भिंती, खांबांचे बुंधे, पायऱ्या ज्या कुठेच चढत नाहीत, आणि या सगळ्यातून वाढलेली उंच झाडं. पाहुण्यांच्या धर्मशाळेची एक उंच त्रिकोणी भिंत तेवढी पूर्ण उभी आहे. सातव्या शतकात डिझिबोड नावाचा आयरिश साधू इथे आला म्हणून हे नाव. हिल्डेगार्ड आली तेव्हा इथे पाथरवटांचा कलकलाट असणार. मोठ्या चर्चचं काम ११०८ मध्येच सुरू झालं होतं आणि ती इथे असेपर्यंत बराच काळ चालू होतं. चिरेबंदी कोठडीत बसून बाहेर छिन्नी ऐकू येत असेल. तिच्या दर्शनांमध्ये इतक्या भिंती, बुरूज, कोपरे आणि मापं का आहेत, याचं मला इथे उभं राहून फार आश्चर्य वाटेनासं झालं.

१ नोव्हेंबर १११२. सरदारघराण्यातली वीस वर्षांची युट्टा आणि चौदा वर्षांची हिल्डेगार्ड इथे कोंडून घेतल्या गेल्या. हिल्डेगार्ड घरातलं दहावं मूल, लहानपणीच देवाला वाहिलेली. कोंडून घेण्याचा हा विधी जवळपास अंत्यविधीसारखा असे : ही मुलगी आता जगाला मेली. आत युट्टाने हिला स्तोत्रं वाचायला शिकवलं. ११३६ मध्ये युट्टा गेली तेव्हा तिच्या अंगावर साखळी निघाली, मांसात रुतलेली. प्रेत धुणाऱ्यांत हिल्डेगार्ड होती.

मी हे सांगितल्यावर आई काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "चौदा म्हणजे नववीत." आई तीस वर्षं शाळेत होती; वयं तिला इयत्तांत कळतात.

पण या बाईने पुढे एक गोष्ट केली. युट्टाच्या जागी आल्यावर देह दंडण्याचं ते प्रकरण तिने आपल्या मुलींच्या माथी मारलं नाही. उपास, जागरण अति करू नका, शरीर हे शेत आहे, फार कोरडं पडलं तर काही उगवत नाही, असा तिचा सूर आहे. आणि तिचा आवडता शब्द तोच : विरिदितास. हिरवेपण. झाडात रस चढतो ते, आणि माणसात, आत्म्यात, देवाच्या करणीत जी ओल असते तेही. चांगला माणूस हिरवा, आटलेला माणूस सुकलेला. मला हा शब्द पुस्तकात वाचून जरा गोडगोड वाटला होता. इथे चर्चच्या जमिनीतून ओकची झाडं उठलेली आहेत, भिंतींवर आयव्ही चढलेली आहे आणि मठ सोळाव्या शतकात बंद पडला तेव्हापासून हे चालू आहे. म्हणजे तिच्या शब्दाने तिच्याच कोठडीवर कब्जा केला म्हणायचा. कोठडी नेमकी कुठे होती ते कुणी ठामपणे दाखवू शकत नाही. आईने एक बुंधा निवडला, त्यावर बसली, डबा उघडला. मेथीचे ठेपले.

खाताना तिने विचारलं, "हे कितवं शतक म्हणालीस?"

"जन्म १०९८, गेली ११७९."

तिने मनाशी हिशेब केला. "ज्ञानेश्वरांच्या जन्माआधी शंभरेक वर्षं. आणि लॅटिनमध्ये लिहायची?"

"हो, आणि लॅटिन मला नीट येत नाही असंही लिहायची. मी अडाणी बाई, मी फक्त पीस, देवाच्या श्वासावर उडणारं, असं."

"ते सगळेच म्हणतात," आई म्हणाली. तुका म्हणे, जनी म्हणे यांत तिचं आयुष्य गेलेलं. नम्रतेला ती भुलत नाही.

आणि खरंच, ही नम्रता बेताची होती. ११४७-४८ च्या हिवाळ्यात त्रिअरला धर्मसभा भरली, तिथे पोप तिसरे युजीन यांनी तिच्या अपुऱ्या ग्रंथातले उतारे मोठ्याने वाचले आणि लिहीत राहा असं कळवलं. त्यानंतर बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. तिची साडेतीनशेहून अधिक पत्रं उरली आहेत : पोपांना, राजांना, बिशपांना, साध्या बायकांना. सम्राट फ्रीडरिश बार्बारोसाने पोपविरोधात आपलाच पोप उभा केला तेव्हा त्याला तिने झाडलं, आणि तेही त्याच्याकडून मठासाठी संरक्षणाची सनद घेतलेली असताना. साठीत असताना घोड्यावरून, होडीतून फिरून कोलोन, त्रिअर इथल्या पाद्र्यांना त्यांच्याच तोंडावर आळशी म्हणाली. बाईने जाहीर प्रवचन करायचं नाही अशा काळात.

आईला हे आवडलं. मग मी प्रामाणिकपणे दुसरीही गोष्ट सांगितली. आंडरनाखच्या टेंक्सविंड नावाच्या मठप्रमुख बाईने हिला पत्र लिहून विचारलं : तुमच्याकडे सणाला नन्स केस मोकळे सोडून, रेशमी ओढण्या आणि सोन्याचे मुकुट घालून गातात म्हणे, आणि तुम्ही फक्त खानदानी मुलीच घेता म्हणे, येशूने तर कोळी निवडले होते. हिल्डेगार्डचं उत्तर असं, की बैल, गाढवं, मेंढ्या, बकऱ्या एका गोठ्यात कोण बांधतं?

ठेपल्याचा तुकडा आईच्या हातात तसाच राहिला. "म्हणजे जनाबाईला दारातूनच परत पाठवलं असतं."

मी तिची बाजू घ्यायला गेले. तो काळ, सरंजामशाही, वगैरे. आईने डबा बंद केला. "काळ जनाबाईलाही होता."

उतरताना गुडघे जास्त दुखतात. श्टाउडर्नहाइमची गाडी आमच्या डोळ्यांदेखत गेली. पुढची तासाने.

तिसरा दिवस : पलीकडचा काठ

बिंगेनहून र्‍युडेसहाइमला जाणारी फेरीबोट दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे नेते. पाण्याला ओढ आहे, हे बोट तिरकी धरून जाते त्यावरून कळतं. ११६५ मध्ये हिल्डेगार्डने पलीकडच्या आयबिंगेनला पडका मठ घेऊन दुसरी शाखा काढली. या शाखेत बिनखानदानी मुलींनाही जागा होती, असं सांगितलं जातं. ("उशिरा का होईना," आई.) आणि आठवड्यातून दोनदा ती नावेने ये-जा करायची. सदुसष्ट वर्षांची बाई, वल्ही मारणारी नाव आणि हे पाणी. आमच्या बोटीवर कॉफी मिळत होती.

आयबिंगेनचं जुनं चर्च साधं आहे, गावातलं. १९३२ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेलं. आत सोनेरी पेटी, छोट्या देवळाच्या आकाराची. त्यात हिल्डेगार्डची कवटी, केस, हृदय आणि जीभ.

"जीभ?" आईने मला दोनदा विचारलं. मग पेटीला हात जोडले. "बरोबर आहे. गाणाऱ्या बाईची जीभच ठेवायला पाहिजे."

गाव सोडून वर द्राक्षमळ्यांतून चढ लागतो. तोडणी चालू होती, ट्रॅक्टरवर निळे-पिवळे क्रेट. माथ्यावर दोन मनोरे असलेला मोठा मठ. हा जुना नाही. १९०४ मध्ये प्रागहून आलेल्या बेनेडिक्टाइन नन्सनी इथे पुन्हा वस्ती केली. १९४१ मध्ये गेस्टापोने त्यांना हाकललं, युद्ध संपल्यावर परत आल्या. त्या स्वतःची द्राक्षं लावतात, वाइन करतात, ग्रंथांची डागडुजी करतात, आणि दुकान चालवतात.

दुकानात मला जरा वाईट वाटलं, ते सांगते. नन्सनी पोट भरण्यासाठी काही विकावं याला माझी ना नाही. पण जर्मनीभर हिल्डेगार्ड म्हणजे काय, तर डिंकेलचं पीठ, डिंकेलच्या शेवया, डिंकेलची उशी. डिंकेल हा सालीसकट राहणारा जुना गहू, आपल्या खपलीचा चुलतभाऊ. तो तिला आवडायचा, हे खरं. निसर्गातल्या वस्तूंवर आणि आजारांवर तिने लिहिलं, बिअर टिकण्यासाठी हॉप्सचा उपयोग नोंदवला, हेही खरं. पण 'हिल्डेगार्ड उपचार' हे नाव १९७० च्या सुमारास गॉटफ्रीड हेर्ट्स्का या ऑस्ट्रियन डॉक्टरने रूढ केलं, आणि तेव्हापासून ती पिठाच्या पिशवीवर आली. तिच्या त्याच ग्रंथात कुष्ठरोगावर एकशिंगी प्राण्याच्या यकृताचं मलम सांगितलं आहे. ते कुणी विकायला ठेवत नाही.

आई माझं भाषण ऐकत नव्हती. ती मसाल्यांपाशी होती. तिने नसा शांत करणाऱ्या बिस्किटांची कृती वाचून घेतली : जायफळ, दालचिनी, थोडी लवंग, पीठ. "पुरणपोळी खाल्ल्यावर झोप येते ती उगाच नाही. हिला कसं कळलं? आणि हिला जायफळ मिळालं कुठून?" जायफळ इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचं, दालचिनी-मिरी आपल्या बाजूची. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून एडन, तिथून इजिप्त, मग इटलीचे व्यापारी, मग आल्प्स ओलांडून इथे. एवढ्या हातांतून आलेलं जायफळ ऱ्हाइनकाठी काय भावाने पडत असेल! खानदानी मुलींचं इनाम कुठे जायचं त्याचा थोडा उलगडा झाला.

मग आईने एक छोटी डबी उघडायला लावली. गालगांटच्या गोळ्या. हिल्डेगार्डने हृदयाच्या दुखण्यावर सांगितलेलं मूळ. नमुन्याची एक गोळी आईने जिभेवर ठेवली, डोळे बारीक केले आणि मग पर्समधून तिची चांदीची डबी काढली. त्यात ज्येष्ठमध, खडीसाखर आणि कोळिंजन असतं, भजनाआधी घशाला. कोळिंजनाचा तुकडा चावून पाहिला, पुन्हा गोळी. "हेच आहे. नाहीतर सख्खी बहीण." मी फोनवर शोधलं. आल्याच्या कुळातली दोन्ही, अगदी जवळची. काउंटरवरच्या सिस्टरना आईने डबी पुढे केली. त्यांनी वास घेतला, हसल्या, म्हणाल्या, "गालगांट." आई म्हणाली, "कोळिंजन." दोघींनी मान डोलावली. मी दुभाष्याचं काही कामच केलं नाही.

सायंप्रार्थनेला वेळ होता. बाहेर कठड्यापाशी बसलो. खाली ऱ्हाइन, पलीकडे बिंगेन, आणि नाहे मिळते त्या बाजूला रुपर्ट्सबेर्गचं टेकाड. इथून मी आईला ती गोष्ट सांगितली जिच्यासाठी खरं तर मला यायचं होतं.

११७८. हिल्डेगार्ड ऐंशीची. रुपर्ट्सबेर्गच्या मठात एका सरदाराला पुरलं होतं. तो एके काळी धर्मबहिष्कृत होता. पण मरण्याआधी त्याची कबुली झाली होती, संस्कार झाले होते. मठ ज्यांच्या अखत्यारीत होता त्या माइन्त्सच्या धर्माधिकाऱ्यांना हे मान्य नव्हतं. त्यांनी फर्मावलं, प्रेत उकरून बाहेर टाका. हिल्डेगार्डने नकार दिला. कबर कुणाला सापडू नये म्हणून तिने तिच्या खुणा मिटवल्या, असं सांगतात. मग माइन्त्सने मठावर बंदी घातली : मिस्सा नाही, ख्रिस्तप्रसाद नाही, घंटा नाही आणि गाणं नाही. प्रार्थना करायच्या त्या दारं बंद करून, पुटपुटून.

मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, हे आईला सांगावं लागलं नाही. शाळेतली तिची वसईची मैत्रीण दर रविवारी मिस्साला जाऊन मगच सहलीला यायची.

"म्हणजे सुतकच लावलं," आई म्हणाली. "सुतकात आम्हीही टाळ उचलत नाही. पण ते दहा दिवस गं. यांचं किती?"

कित्येक महिने. माइन्त्सचे आर्चबिशप इटलीत होते, पत्रं जायला-यायला काळ लागत होता. या काळात तिने धर्माधिकाऱ्यांना जे पत्र लिहिलं त्यात कबरीचा मुद्दा थोडा आणि गाण्याचा फार आहे. ती म्हणते, पतन होण्याआधी आदमचा आवाज देवदूतांच्या आवाजात मिसळत होता. तो हरवलेला आवाज आठवावा म्हणून माणसाने स्तोत्रं रचली, वाद्यं केली. सैतानाला हे सहन होत नाही. माणूस गायला लागला की त्याला पोटशूळ उठतो, म्हणून तो भांडणं लावून गाणं बंद पाडतो. आणि शेवटी धमकी, अगदी सभ्य भाषेत : पुरेसं कारण नसताना जे पृथ्वीवर देवाची स्तुती बंद करतात, त्यांना स्वर्गात देवदूतांच्या स्तुतीत जागा मिळणार नाही. तिने बऱ्याच आधी एक संगीत नाटक रचलं होतं. त्यात एक जीव आहे, सोळा-सतरा सद्गुण आहेत आणि सैतान आहे. सगळे गातात. सैतान फक्त ओरडतो. त्याला चालच दिलेली नाही.

११७९ च्या मार्चमध्ये आर्चबिशपांनी बंदी उठवली. सप्टेंबरात ती गेली. म्हणजे जेमतेम सहा महिने तिला पुन्हा गाणं ऐकायला मिळालं.

"पण उकरू दिलं नाही ना?" आईने विचारलं.

"नाही."

घंटा झाली. आत भिंतीभर सोनेरी-निळी चित्रं, समोर कमानीत हात पसरलेला मोठा ख्रिस्त. नन्सची जागा बाजूला, आम्हाला पुरती दिसत नव्हती. काळ्या वस्त्रांची कड आणि उलटणाऱ्या पानांचा आवाज. मग सुरू झालं. हिल्डेगार्डची रचना नव्हती, रोजची लॅटिन स्तोत्रं. अर्ध्या जणींनी एक चरण म्हणायचा, समोरच्या अर्ध्यांनी पुढचा.

आई माझ्या कानाशी आली. "टाळकऱ्यांच्या दोन रांगा."

थोड्या वेळाने पुन्हा, "मध्येच थांबतात बघ."

मला ते लक्षात आलं नव्हतं. प्रत्येक चरणाच्या मधोमध त्या थांबत होत्या, श्वासभर. कुणी खूण करत नव्हतं, कुणी घाई करत नव्हतं. सगळ्या एकदम गप्प आणि सगळ्या एकदम पुन्हा. त्या गॅपमध्ये छताकडचा आवाज विरताना ऐकू यायचा. आई मांडीवर बोटाने ते मोजत होती. तीनदा चुकली, मग तिला सापडलं. प्रार्थना संपेपर्यंत तिचं बोट बरोबर थांबत होतं.

रात्री हॉटेलात तिला हिल्डेगार्डचं गाणं फोनवर लावून दिलं. 'ओ विस एतेर्नितातिस', हे अनंताच्या शक्ती. पहिली ओळ ऐकून आईने थांबवायला लावलं. पुन्हा लाव. पुन्हा. मग आणखी दोन रचना ऐकल्या. "सा वरून थेट पंचमावर उडी आणि तिथून वरचा सा. पुन्हा पुन्हा तेच करते, ही खोडच आहे तिची. आणि खाली येते ती गोल गोल, एका अक्षरावर." जाणकारही अगदी असंच सांगतात : त्या काळच्या स्तोत्रांचा आवाका बेताचा, हिच्या काही चाली दोन सप्तकांना भिडतात.

"मंडळात बसणार नाही हे," आईने निकाल दिला. "रियाज लागेल."

चौथा दिवस : वीसबाडेन, परत

परतताना वाटेत वीसबाडेनला थांबलो. तिथल्या ग्रंथालयात हिल्डेगार्डचा 'महाकाय ग्रंथ' आहे, पंधरा किलो वजनाचा, तिच्या हयातीच्या शेवटी आणि लगेच नंतर तिच्याच माणसांनी एकत्र केलेला. तो सहसा बाहेर काढत नाहीत, तेव्हा आम्ही नुसतंच रस्त्यावरून इमारत पाहिली. दुसऱ्या महायुद्धात सुरक्षित राहावा म्हणून हा आणि 'स्किविआस'ची चित्रांची मूळ पोथी ड्रेस्डेनच्या बँकेत ठेवली होती. चित्रांची पोथी १९४५ पासून बेपत्ता आहे. आपण पाहतो ती आगीच्या जिभांची चित्रं आयबिंगेनच्या नन्सनी युद्धाआधी हाताने केलेल्या प्रतीवरची. महाकाय ग्रंथ वाचला आणि १९४८ मध्ये मार्गारेटे क्यून या संशोधक बाईंनी एका अमेरिकन अधिकाऱ्याच्या पत्नीच्या मदतीने तो सोव्हिएत हद्दीतून गुपचूप परत आणला. रोमने हिल्डेगार्डला अधिकृत संत आणि मग धर्मपंडित ठरवलं ते थेट २०१२ मध्ये.

ग्रंथाची पानं आता फोनवर दिसतात. गाडीत आईला दाखवली. त्यात दर्शनं आहेत, पत्रं आहेत, गाणी आहेत. औषधं नाहीत, तिच्या मुलींनी बाईंचं सगळं जमवायला घेतलं तेव्हा डिंकेल-जायफळ त्यात घातलं नाही. मी हे जरा विजयाने म्हटलं. आईने बिस्किट पुढे केलं.

चालींच्या पानावर चार रेघा आणि त्यांवर मुंगीच्या पायांसारख्या खुणा. आईने तिची भजनाची वही काढली, 'रूप पाहता लोचनी'च्या समोरचं पान कोरं होतं. मला ओळ देवनागरीत लिहायला लावली आणि डोक्यावर स्वतः पेन्सिलने सा, प, सां असं मांडत गेली. फ्रँकफुर्ट येईपर्यंत दीड ओळ झाली.

"उच्चार कोण सांगेल?" म्हणत तिने वसईच्या मैत्रिणीला आवाजी निरोप पाठवला. उत्तर घरी पोचल्यावर आलं. मैत्रीण हसत होती. म्हणे, आमच्या लहानपणीच मिस्सा मराठीत झाली गं, मला लॅटिनचं एवढंच आठवतं, आणि तिने घोगऱ्या आवाजात 'किरिए एलेइसोन' म्हणून दाखवलं.

ते ग्रीक आहे. मी आईला सांगितलं नाही. ती मैत्रिणीचा निरोप पुन्हा लावून उडी कुठे घेते ते बघत होती.